गेरूच्या डोक्यातला झोपाळा

१२ जून १९९८ रोजी हमरापूरला शांतीकाकूंच्या गणपतीच्या कारखान्यात पाचशे सत्तर रुपयांचे नुकसान झाले. ते एका कुत्र्याने केले. कुत्र्याचे नाव गेरू, आणि गेरूचा धनी म्हणजे कारखान्यातला रंगवाला हिरामण.

दुपारची जेवणे नुकतीच उरकली होती. माणसे हात धुवायला मागच्या नळावर गेली होती. गेरू रोजच्यासारखा मूर्तींच्या रांगांमधून फेरी मारायला आत शिरला आणि घात झाला. फळीच्या पायाला बांधलेल्या दोरीत त्याचा पाय अडकला. तो दचकून मागे सरला, फळी कलंडली, आणि तिच्यावरचे न रंगवलेले गणपती एकामागून एक खाली आले. आवाज ऐकून सगळी धावली. पांढऱ्या धुरळ्यात गेरू उभा होता, शेपूट पोटाशी आणि नाकावर प्लास्टर.

"नऊ वर्सं हा मेला इथं फिरतोय," शांतीकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "याच्या पायी एका उंदराची शेपटी तुटली नाय. आज काय झालं याला?"

"दिसलं नसंल," मागून कोणीतरी म्हणाले.

ते 'दिसलं नसंल' हिरामणच्या काळजात जाऊन बसले.

हिरामण मूळचा रोह्याकडचा. बापाची भाताची आणि वालाची शेती होती, पण हिरामणचे लक्ष पिकापेक्षा बांधावरच्या फुलांकडे. धाटावला कंपन्या आल्या तेव्हा तो एका रंगाच्या कंपनीत चिकटला. काम काय, तर तयार झालेला रंग नमुन्याशी पडताळायचा. साहेबाला जो फरक भिंगातून दिसायचा नाही तो हिरामण दारातून सांगायचा. शिफ्ट संपवून घरी आला की न्हाणीतून वाहणाऱ्या पाण्याकडे बघून आई म्हणायची, "आज निळ्यावर होतास व्हय रे?"

या रंगांनीच त्याचे लग्न राहिले. पहिल्या स्थळी तो साबण घासघासून, नवा सदरा घालून गेला. पोहे झाले, चहा झाला, आणि उठता उठता मुलीच्या आजीने विचारले, "मुलाच्या कानामागं जांभळं काय हाय? रोगबिग तर नाय ना?" दुसऱ्या वेळी नखे हिरवी निघाली. तिसऱ्या वेळी त्याने हातमोजे घातले, ते ऐन वैशाखात. त्यांनी तर त्याला घरात बसूच दिले नाही. पुढे हिरामणने नाद सोडला. त्याचे दुःख त्याने फार दिवस बाळगले असे कोणी पाहिलेले नाही. उलट हे किस्से तो स्वतःच रंगवून सांगायचा.

कंपनीतला त्याचा विभाग बंद पडला तेव्हा तो एका हंगामापुरता हमरापूरला आला आणि तिथलाच झाला. शांतीकाकूंचे यजमान तेव्हा होते. ते गेल्यावर काकूंनी पदर खोचून कारखाना हातात घेतला, आणि रंगाचा सगळा कारभार हिरामणवर सोडला. शेल्याचा मोरपिशी, पितांबराचा पिवळा, तळव्यांचा गुलाबी, हे सगळे तोच कालवून द्यायचा. पण त्याचा खरा जीव लालावर. मुंबईचे व्यापारी यायचे ते "यंदा हिरामणचा लाल किती मूर्तींना आहे?" असे विचारतच पायऱ्या चढायचे. हिरामण ऐकून न ऐकल्यासारखे करायचा आणि दिवसभर गुणगुणायचा.

"बाकीच्या रंगांना बघायला जावं लागतं," तो म्हणायचा. "लाल आपल्या पायानं डोळ्यात येतो. आंधळ्यालासुद्धा कळतो."

गेरू त्याला रंगाच्या कोठीत सापडला होता. गेरूचे पोते फुटले होते आणि त्यात एक पिल्लू झोपले होते, नाकापासून शेपटीपर्यंत तांबूस. हिरामणने त्याला तीनदा आंघोळ घातली. रंग जाईना. तेव्हा उलगडले की पिल्लाचा स्वतःचाच रंग तसा आहे. मग नाव शोधावे लागले नाही.

मोठा झाल्यावर गेरूने आपली नोकरी आपणच ठरवली. मूर्ती उन्हात वाळायला मांडल्या की शेळ्या, मांजरे, कोंबड्या यांना तो अंगणात पाऊल टाकू द्यायचा नाही. संध्याकाळी आत एक फेरी मारायचा, मग कारखान्यामागच्या हिरामणच्या खोलीत जाऊन गोणपाटावर पडायचा. हिरामणला घरचे असे तेवढेच होते.

या वर्षी कारखान्यात सुधारणा झाली होती. शांतीकाकूंचा मुलगा जगन याने जमिनीची ओल मूर्तींना लागू नये म्हणून सगळीकडे गडद हिरवी ताडपत्री अंथरली. माणसांनी ठरलेल्या वाटेनेच चालावे म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या उंचीवर, फळ्यांच्या पायांना दोऱ्या बांधल्या. दोरी आणायला पेणला निघताना त्याने विचारले होते, "हिरामणकाका, कुठल्या रंगाची आणू?"

"विचारतोस काय? लाल आण. हिरव्यावर लाल म्हंजे भांगात कुंकू."

दोरी आली ती लाल. माणसे कशी बिनबोभाट चालू लागली. गेरू मात्र अडखळला.

त्या शुक्रवारनंतर हिरामणने काय केले, तर दोरीला जागोजागी लाल चिंध्या बांधल्या. गेरूचे वय झाले असेल, नजर मंदावली असेल, जरा ठळक केले की दिसेल. दोन दिवसांनी गेरू चिंधीसकट दोरीत गुरफटला आणि एका मूर्तीचा हात गेला. मग हिरामणने दोरी सोडवली, आपल्या ठेवणीतल्या लालात बुडवली, वाळवली आणि पुन्हा बांधली. आता ती अशी दिसत होती की रस्त्यावरून जाणारी माणसे थांबून बघत. गेरूने तिसऱ्या दिवशी तीही ओढली.

जगनने मग परीक्षाच घेतली. मागच्या हिरवळीवर त्याने नातलगांच्या पोराचा लाल चेंडू गडगडत सोडला. "गेरू, आण!" गेरू इकडे बघतो, तिकडे बघतो. चेंडू त्याच्यापासून हातभर अंतरावर. शेवटी नाक जमिनीला लावून, वास घेत घेत तो तिथे पोचला.

"संपलं," जगन म्हणाला. "काका, हा आंधळा झालाय."

हिरामणने जाऊन चेंडू उचलला. एवढा लाल चेंडू ज्याला दिसत नाही, त्याला दुसरे काय दिसणार, हे त्यालाही पटले होते.

शांतीकाकू तोंडाने तिखट, पण कारखाना चालवणारी बाई. हंगाम तोंडावर आला होता. त्यांनी निकाल दिला. "सोमवारी माझा भाऊ तांदूळ घेऊन येतोय नागोठण्याहून. जाताना गेरूला टेम्पोत घालून नेईल. गिरणीत पोत्यापाशी बांधून ठेवील. बसून खाईल दोन वेळा, अजून काय पायजे?"

"मग मी पण जातो," हिरामण म्हणाला.

"तू कुठं जातोस? गणपतीला रंग कोण देणार, माझा भाऊ? तो कोंडा फासंल."

सगळे हसले. हिरामणही हसला, पण त्याने रात्री ट्रंक काढून कपडे घड्या घातले. भाताच्या गिरणीत पट्टे धडाधड फिरतात, माणसांची ये-जा असते. तिथे एका आंधळ्या कुत्र्याने साखळीला बांधून म्हातारपण काढायचे, आणि आपण इथे बसून लाल कालवायचा, हे त्याच्याने होणार नव्हते.

तरी एक आशा होती. पेणच्या गुरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून गेरूचे डोळे बघितले होते. "डोळे काचेसारखे स्वच्छ आहेत," ते म्हणाले होते. "मोतीबिंदू नाही, काही नाही. डोळ्यांच्या मागे, मेंदूत काही बिघाड असला तर तो मला इथे कळायचा नाही. त्याला मशीन लागतं. मुंबईला न्यावं लागेल."

मुंबईला कुत्रा नेणे सोमवारच्या आत शक्य नव्हते. पण 'मेंदू' आणि 'मशीन' हे दोन शब्द एकत्र ऐकल्यावर हिरामणला एलियासभाऊ आठवले.

एलियास पेणकर हे पेणमधल्या उरल्यासुरल्या इस्रायली घरांपैकी एका घरातले. त्यांचे भाऊबंद केव्हाच इस्रायलला गेले, मुलगी ज्युडिथही लग्न होऊन तिकडेच. एलियासभाऊंनी मुंबईच्या एका रुग्णालयात माणसांच्या मेंदूचे आलेख काढण्यात हयात घालवली. निवृत्त झाले तेव्हा रुग्णालयाने कॉम्प्युटर घेतला आणि जुने मशीन भंगारात काढले. भाऊंनी ते भंगाराच्या भावात विकत घेऊन पेणला आणले. हन्नावहिनींनी तेव्हा विचारले होते, "सगळे निवृत्त होऊन फ्रीज आणतात, तुम्ही हे काय आणलंत?" पेणला आल्यावर भाऊ मोटारी आणि पंप दुरुस्त करू लागले. कारखान्यातला रंग फवारायचा कॉम्प्रेसर बिघडला की हिरामण तो त्यांच्याकडेच नेई. तशी ओळख जुनी.

शनिवारी त्या भागात वीज बंद असायची, म्हणून हमरापूरच्या कारखान्यांना शनिवारची सुट्टी. हिरामण सकाळीच पेणला गेला. भाऊ ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते, डोक्यावर पांढरी टोपी.

"आज नाही हां," त्यांनी लांबूनच हात वर केला. "आज शब्बाथ. मशीन नाही, पाना नाही, पैसा नाही. आमच्या वाडवडलांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. मी काय त्यांच्यापेक्षा शहाणा?"

"कॉम्प्रेसर नाय आणला, भाऊ. कुत्र्याचं हाय."

"बोलायला बंदी नाही. बस."

हिरामणने सगळे सांगितले. भाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून आतून हन्नावहिनी म्हणाल्या, "आता झालं! यांना उद्योग मिळाला."

"कुत्र्याचा आलेख मी काढलेला नाही," भाऊ म्हणाले. "पण डोकं ते डोकं. उद्या घेऊन ये. येताना एक काम कर. सायकलच्या चाकाएवढ्या गोल पुठ्ठ्यांवर दोन-दोन रंगांच्या पाचरी काढ, एकाआड एक. एक काळा-पांढरा कर. बाकी तुला हवे ते रंग."

हिरामणने घरी येऊन तीन चकत्या रंगवल्या. पहिली काळी-पांढरी. दुसरी निळी-पिवळी, हात सैल करायला म्हणून. तिसरी मन लावून, ताडपत्रीचा तोच गडद हिरवा आणि दोरीचा तोच लाल. ती इतकी झकास उतरली की त्याने भिंतीला टेकवून दोन पावले मागे जाऊन बघितली. हिच्यापुढे बाकीच्या दोन फिक्या पडल्या होत्या.

रविवारी कामावर खाडा करून, टमटममध्ये पायाशी गेरूला आणि मांडीवर चकत्यांना घेऊन हिरामण पेणला आला. माजघरात पडदे ओढले होते. मध्यभागी ते मशीन. लोखंडी पेटी, तिच्यावर ओळीने बारीक लेखण्या, त्यांच्याखाली घडीचा लांब कागद. कपाटाच्या कडेला एका स्टँडवर सायकलचे चाक लावले होते. त्याला साडीचा पडदा, म्हणजे फिरवणारा हात दिसू नये.

गेरू उंबऱ्यावरच बसला. आत येईना.

"आधी मला लावा," हिरामण म्हणाला. "त्याला बघू दे, दुखत नाय ते."

भाऊंनी त्याच्या डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या आणि बटण दाबले. लेखण्या खुरखुर करत चालू लागल्या. भाऊंनी कागद बघून मान डोलावली. "मेंदू आहे. काळजी नको."

"अगो बाई, खात्री करून घेतली ते बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

"आता डोळे मिट," भाऊ म्हणाले. हिरामणने मिटले. थोड्याच वेळात लेखण्यांची चाल बदलली. मघाशी किरकिऱ्या रेघा होत्या, आता एकसारख्या, गोल, लयीत लाटा. "आता उघड." लाटा तिथल्या तिथे मोडल्या.

"हे काय झालं?"

"बघायचं काम नसलं की मेंदूचा मागचा भाग झोपाळ्यावर बसतो," भाऊ म्हणाले. "एका लयीत झोके घेतो. काही दिसलं, त्यात मन गेलं, की खाली उतरून कामाला लागतो. झोके थांबतात. आपल्याला गेरूचा झोपाळा बघायचाय. दिव्यावर थांबला, चाकावर थांबला, तर त्याला दिसतंय. नाही थांबला तर..."

धन्याला काही झाले नाही हे पाहून गेरू आत आला. भाऊंनी त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला चार ठिकाणी केस कातरले, पेस्ट लावली, वायरी डकवल्या. हिरामणने त्याचे डोके मांडीवर घेतले. बटण दाबले आणि लेखण्या पिसाळल्यासारख्या कागदभर नाचू लागल्या.

"अरे देवा!" हिरामण घाबरला. "याच्या डोक्यात हे काय चाललंय?"

भाऊंनी वाकून बघितले. "डोक्यात काही नाही. हन्ना, त्याला काय दिलंस?"

"पापडाचा एक तुकडा," वहिनी म्हणाल्या. "पाहुणा आलाय घरी. पोह्याचा पापड पेणला येऊन खायचा नाही तर कुठे?"

"हे सगळं जबड्याचं आहे! चावणं थांबेपर्यंत मेंदू ऐकू येणार नाही."

पापड संपेपर्यंत तिघे गप्प बसून राहिले. मग हिरामण गेरूच्या कानामागे खाजवत राहिला, आणि हळूहळू गेरूच्या पापण्या अर्ध्यावर आल्या. लेखण्या शांत झाल्या. आणि कागदावर झोके उमटू लागले. माणसापेक्षा जरा वेगळे, पण लयीत. हिरामणला वाटले, आपण नऊ वर्षे याच्याजवळ झोपलो, पण याच्या आत हा झोपाळा आहे हे कधी कळले नाही.

भाऊंनी दिवा क्षणभर लखकन लावला. झोके मोडले. थांबून पुन्हा लावला. पुन्हा मोडले.

"दिसतंय," भाऊ म्हणाले.

हिरामणने गेरूचे डोके दाबून धरले.

"थांब, घाई नको. उजेड कळतो एवढंच ठरलं. आता चाक."

चाकाला काळी-पांढरी चकती लावली. पडद्यामागून वहिनींनी हळू फिरवायला सुरुवात केली. झोके थांबले, गेरूचे कान उभे राहिले. तो पुन्हा सुस्तावल्यावर निळी-पिवळी लावली. तेच. त्याने मान किंचित वाकडीसुद्धा केली.

"आता माझी बघा," हिरामण म्हणाला. त्याने हिरवी-लाल चकती दोन्ही हातांनी उचलून दिली. चाक फिरू लागले. त्या मंद उजेडातही ती अशी पेटली होती की भाऊ क्षणभर कागद सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

लेखण्या झोके काढत होत्या. एकसारखे, गोल, निवांत.

"वहिनी, फिरवा की!"

"फिरवतेय ना मघापासून! हात दुखायला आला."

"मग मशीन बिघडलं."

भाऊंनी दिवा लखकन लावला. झोके मोडले. मशीन ठीक होते. हिरवी-लाल पुन्हा फिरवली. गेरू तिच्याकडेच तोंड करून होता, डोळे उघडे, आणि त्याच्या डोक्यातला झोपाळा पुन्हा आपला संथ हलत होता.

भाऊंनी कागद फाडून मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला आणि हसायला लागले. "आमच्याकडे एक वॉर्डबॉय होता. त्याला पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो सारखाच. भाजी आणायला पाठवला की बायको डोकं बडवून घ्यायची. बाकी नजर घारीची! हिरामण, तुझा गेरू आंधळा नाही. पण तुझा हा लाल आणि हा हिरवा, याच्या लेखी एकच. मळकट काहीतरी. त्याच्यापुढे तू कोरा पुठ्ठा फिरवतोयस."

हिरामण चकतीकडे बघत राहिला. जगातला सगळ्यात ठळक रंग म्हणून त्याने आधी दोरी निवडली, मग चिंध्या बांधल्या, मग सगळी दोरी ठेवणीतल्या लालात बुचकळली. दर खेपेला त्याने ती गेरूच्या नजरेतून आणखी पुसली होती. आणि चेंडू लाल, तोही हिरवळीवर!

"म्हंजे फळी मीच पाडली," तो म्हणाला.

"आणि ती गेरूनं अंगावर घेतली," वहिनी म्हणाल्या. "कुत्रे तसेच असतात."

हिरामणने गेरूची हनुवटी वर केली. "काय रे, तुला तुझाच रंग ठाऊक नाय? नाव काय म्हणून सांगतोस लोकांना?" गेरूने त्याच्या हाताला लागलेली पेस्ट चाटली. त्या हसण्यात पेस्टच्या ट्यूबच्या पैशांचा विषय निघाला आणि तसाच राहिला. हिरामणला परतायची घाई होती.

त्याच संध्याकाळी त्याने सगळी लाल दोरी सोडवून गुंडाळली. नव्या दोरीचा एक पदर पितांबराच्या पिवळ्यात बुडवला, दुसरा निळ्यात, आणि दोन्ही पिळून एक केले. जगन कपाळाला हात लावून बघत होता. "काका, कारखाना हाय का लग्नाचा मांडव?"

"तुझ्यासाठी नाय बांधली. तू बघू नको."

सोमवारी सकाळी शांतीकाकूंचा भाऊ गोविंदा टेम्पो घेऊन आला. तांदळाची पोती उतरली. मग त्याने बहिणीसाठी आणलेली एक गावठी कोंबडी काढली. हिरामण काकूंना आलेखाचा कागद दाखवून झोपाळ्याची गोष्ट सांगत होता, आणि काकूंचा चेहरा काही सुटत नव्हता.

"कागदावर दिसलं म्हंजे कारखान्यात दिसंल व्हय?" काकू म्हणाल्या. "आणि ही डोक्याला टकलं कसली? मुंज केलीत याची?"

तेवढ्यात गोविंदाच्या हातातल्या कोंबडीच्या पायाची गाठ सुटली. ती फडफडत खाली पडली, उठली, आणि समोर जे दार दिसले त्यात घुसली. दार कारखान्याचे होते. आत सगळ्या फळ्या भरलेल्या, पहिला रंग दिलेल्या मूर्ती.

नऊ वर्षांची नोकरी होती. गेरू सुटला.

"धरा रे! धरा त्याला!" काकू ओरडल्या, पण त्याच्यामागे आत धावायची कोणाची छाती होईना. सगळे दारात थिजले. कोंबडी ताडपत्रीवरून पळाली, दोरीखालून गेली. गेरू दोरीपाशी आला, आणि त्याने पाय आखडून वरून उडी मारली. कोंबडी वळली. तोही वळला, पुढची दोरी ओलांडली, मग तिच्या पुढची. शेपूट एका सोंडेला घासून गेले आणि हिरामणने डोळे मिटले. काही पडल्याचा आवाज आला नाही. त्याने डोळे उघडले तेव्हा कोंबडी दुसऱ्या बाजूच्या दारातून अंगणात निघाली होती आणि गेरू उंबऱ्यावर बसून तिला चार शब्द सुनावत होता.

काकू आत गेल्या. एकेक फळी बघत शेवटपर्यंत गेल्या आणि परत आल्या. कशाला खरचटलेही नव्हते.

"गोविंदा," त्या भावाला म्हणाल्या, "जाताना ती कोंबडी घेऊन जा परत. आंधळी ती हाय."

"आणि कुत्रा?"

"कुत्र्याला कामं हायत."

हिरामण खोलीत गेला आणि ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा खुंटीवर लावले.

त्या वर्षी हंगाम चांगला गेला. हिरामणचा लाल नेहमीसारखाच खपला. फक्त तो आता "आंधळ्यालासुद्धा कळतो" असे म्हणत नाही. व्यापाऱ्यांनी लालाची फारच तारीफ केली तर तो गेरूकडे बोट दाखवून म्हणतो, "त्याला विचारा." आलेखाचा एक तुकडा भाऊंनी त्याला दिला. तो त्याने खोलीत कॅलेंडरशेजारी लावला आहे. गेरू दुपारी गोणपाटावर पडून डोळे मिटू लागला की हिरामण आवाज न करता तिथून उठतो. बसला असेल झोपाळ्यावर, म्हणतो.

दर शनिवारी तो पेणला भाऊंकडे जातो. जाताना पैसे खिशात असतात. ओट्यावर बसून गप्पा होतात. हन्नावहिनी गेरूसाठी पापड बांधून देतात. निघताना हिरामण खिशात हात घालतो आणि भाऊ लांबूनच हात वर करतात, "आज शब्बाथ. पैसा नाही. उद्या ये." रविवारी कारखाना चालू असतो.

पेस्टच्या ट्यूबचे अठरा रुपये हिरामणकडून एलियासभाऊंना अजून येणे आहेत.